पान सांगून बोलायचं

फोंडा, गोवा
श्रावण वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुझी गाडी बोगद्यात शिरली आणि आवाज गेला. पण त्याआधी तू जे म्हणालास ते डोक्यातून जाईना, म्हणून आज निवांत पत्रच लिहायला बसलोय. तू म्हणालास, पुस्तक पुरतं वाचून होईपर्यंत त्यावर तोंड उघडू नये. अर्धवट वाचून मत देणं हा लेखकावर अन्याय आहे. कॉलेजात असताना मीही हेच म्हणत असे. आता मात्र माझं मत नेमकं उलटं झालंय. ते कसं झालं हे तुला नीट सांगायचं आहे.

आमच्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या शेवटच्या रविवारी काही जण जमतात, हे तुला ठाऊक आहे. तू मागे एकदा येऊनही गेलास, पण तेव्हा सगळा वेगळाच थाट होता. एकेकाने पुस्तक वाचून, टिपणं काढून यायचं आणि परिचय करून द्यायचा. लेखकाचा जन्म, शिक्षण, मिळालेले पुरस्कार, कथानक, आणि शेवटी ‘हे पुस्तक सर्वांनी आवर्जून वाचावं’. टाळ्या होत, चहा येई, भजी-पाव येई, माणसं घरी जात. एक दिवस मास्तर उठून म्हणाले, “हे सगळं पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेलं असतं. तुम्ही आत्ता कुठे आहात ते सांगा.”

तेव्हापासून रीत बदलली. वाचून झालेल्या पुस्तकावर बोलायचं नाही. सध्या उशाशी आहे त्यावरच बोलायचं. आणि तोंड उघडण्याआधी पान सांगायचं: “मी चौऱ्याण्णववर आहे.” बाकी नियम नाहीत.

आता भाऊंची गोष्ट सांगतो. भाऊ आमच्या शेजारच्या गावचे. देवळाच्या जत्रेतल्या नाटकात गेली कितीतरी वर्षं ते भीष्माचं काम करतात. उंची आहे, खर्ज आहे, पांढरी दाढी लावली की पोरं खरोखर पाया पडतात. त्यांनी वाचनालयातून इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ नेलं. महाभारतातल्या माणसांवरचं १९६७चं पुस्तक, साहित्य अकादमीचा मान मिळालेलं. आपल्या पिढीने नाव ऐकून ऐकून न वाचताच वाचल्यासारखं करून टाकलेलं. त्यात पहिलाच मोठा लेख भीष्मावर आहे. पुढच्या बैठकीला भाऊ आले तेच तापलेले. पान सांगितलं आणि म्हणाले, “बाईंनी भीष्माला उभा सोललाय. मला पुढे वाचवत नाही.”

आम्ही कोणी समजूत घातली नाही. काय खटकलं तेवढं विचारलं. मग ते सावकाश सांगू लागले. ज्या प्रतिज्ञेवर ते नाटकात टाळ्या घेतात, तिच्यापायी पुढे किती जणींची आयुष्यं नासली याचा बाईंनी हिशेब मांडलाय. काशीच्या तीन मुली स्वयंवरातून उचलून आणल्या, त्या स्वतःसाठी नव्हे, भावासाठी. गांधारी आंधळ्याच्या घरी आली. आणि एवढं करून ज्या कुळासाठी हे सगळं केलं ते कुळ तरी वाचलं का? भाऊ हे सांगत होते आणि सांगता सांगता त्यांचा आवाज उतरत गेला. रागाने सुरुवात केलेला माणूस लेखिकेचं म्हणणं आमच्यापुढे एवढं स्वच्छ मांडत होता की कुठल्या समीक्षकाला जमलं नसतं. कारण तो ते परतवून लावायला बघत होता आणि ते परतत नव्हतं.

महिन्याभराने ते गांधारीच्या लेखापर्यंत पोचले होते, वनातल्या त्या शेवटच्या दिवसांपाशी. त्या दिवशी पुस्तकाबद्दल फार बोलले नाहीत. आपल्या नाटकाची वही घेऊन आले होते. निळ्या पुठ्ठ्याची, शिवण सुटलेली, पानांच्या कडेला तेलाचे डाग; वर्षानुवर्षं तीच वही हातोहात फिरतेय. त्यात अंबेचं पान काढून दाखवलं. मूळ संहितेत अंबेला भीष्मापुढे चांगलं पानभर भाषण आहे. त्यावर कोणीतरी कधीकाळी तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ ओढून ठेवलीय; रात्री नाटक लांबतं म्हणून. उरलीत चार वाक्यं. भाऊ म्हणाले, “ही रेघ इतकी वर्षं मी बघतोय. कधी वाटलं नाही की हिला काही बोलायचं होतं.” यंदा ते भाषण परत घालायचं म्हणून ते दिग्दर्शकाच्या मागे लागलेत.

आणि पुस्तक संपल्यावर काय म्हणाले असतील? “थोर पुस्तक आहे, सगळ्यांनी वाचा.” बस्स, एवढंच. मला सांग, यातलं खरं मत कुठलं? संपल्यावरचं, की आधीच्या दोन रविवारचं?

तू म्हणशील, भाऊंचं पहिलं मत पुढे बदललंच की, म्हणजे ते चुकीचं होतं. मला तसं वाटत नाही. लेखक पुस्तक एका क्रमाने लिहितो. पन्नासाव्या पानावर वाचकाला काय ठाऊक असावं आणि काय नसावं, हे त्याने ठरवलेलं असतं. पन्नासाव्या पानावर जो चिडतो तो लेखकाने ठेवलेल्या जागीच उभा असतो. शेवट कळल्यावर त्या जागी परत जाता येत नाही. संपलेल्या पुस्तकावर आपण बोलतो तेव्हा पहिलं प्रकरणही शेवटाच्या उजेडात बघत असतो. मग तो राग, तो कंटाळा, ‘आता हिचं काय होणार’ ही काळजी, सगळं पुसलं जातं आणि ‘छान आहे’ एवढं हातात उरतं.

आपल्याकडे वाचण्याची मूळ पद्धत तरी दुसरी कुठली होती? हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मध्ये आली ती १८९० पासून, भागाभागाने. यमूचं पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लोकांना पुढच्या अंकाची वाट बघावी लागायची. त्या दिवसांत घराघरांतून जे बोलणं झालं असेल ते सगळं अर्धवट पुस्तकावरचंच. आमच्या वाचनालयात तिची एक जुनी प्रत आहे, पानं पिवळी पडलेली, कोपरे वाळवीने खाल्लेले. तिच्यात एका पानाच्या कडेला कोणीतरी शाईने लिहिलंय: ‘आता पुढे वाचवत नाही.’ अक्षर बाईचं असावं असं मला वाटतं, बारीक आणि उजवीकडे कललेलं. पुढे बरीच पानं कोरी. आणि मग त्याच अक्षरात, त्याच शाईत, एका वाक्याखाली रेघ. म्हणजे वाचलं. पुस्तकावर लिहिणं वाईट, वाचनालयाच्या पुस्तकावर तर फारच वाईट, हे मी मुलांना सांगत असतो. पण ते पान मी कोणाला खोडू देणार नाही.

आमच्या बैठकीतल्या वैनींचं वाचन आणखी निराळं. त्यांच्या सासूबाईंना आता दिसत नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की वैनी त्यांना वाचून दाखवतात, एखाद-दोन पानं, फार तर तीन. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चालू आहेत. त्यामुळे बैठकीत वैनी दोन मतं घेऊन येतात, एक स्वतःचं आणि एक सासूबाईंचं, आणि दोन्ही एकमेकांशी कधी जुळत नाहीत. लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, न सांगता घर सोडून जातात, पुन्हा उगवतात, पुन्हा जातात. वैनींना त्यात एका कवीच्या जिवाची घालमेल दिसते. सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, “असल्या माणसाला पाटावर बसवू नये.” आणि ते १८९५ साली ख्रिस्ती झाले तो भाग आला तेव्हा म्हातारी पुस्तक मिटायला सांगून नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, “वाच. तिने काय केलं ते ऐकू दे.”

‘तिने काय केलं ते ऐकू दे.’ मला हे वाक्य फार मोठं वाटतं. सगळं पुस्तक या एका ओढीवर उभं आहे आणि म्हातारीने ते मधल्या पानावरच ओळखलं. तुला आठवत असेल, ‘स्मृतिचित्रे’सुद्धा एकदम आली नाहीत, १९३४ पासून दोन-तीन वर्षांत भागाभागाने निघाली. पहिला भाग वाचून ज्यांनी मत दिलं त्यांनी लक्ष्मीबाईंवर अन्याय केला असं आपण म्हणू का?

मास्तर पान सांगत नाहीत, अवस्वर, म्हणजे अध्याय सांगतात. ते ‘क्रिस्तपुराण’ वाचताहेत. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे; १५७९ साली ते गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि दहा हजारांहून जास्त ओव्यांचं पुराण रचून बसले. १६१६ला ते इथेच रायतूरला छापलं गेलं, रोमी लिपीत. त्या काळातली छापील प्रत आज एकही उरलेली नाही. पुढे हस्तलिखितांवरून ते पुन्हा उभं राहिलं. मास्तरांकडे देवनागरी प्रत आहे. सुरुवातीला ते म्हणत, “उपदेश फार आहे, मन लागत नाही.” मग एकदा सकाळी पोथीसारखं मोठ्याने, चालीवर वाचून बघितलं आणि आता रोज तसंच वाचतात. त्यांचं आजचं मत असं की हे पुस्तक डोळ्यांनी वाचायचं नाहीच, कानांनी वाचायचं. उद्या कदाचित वेगळं म्हणतील. पण या मतासाठी मला तरी त्यांचं वाचन संपायची वाट बघावीशी वाटली नाही. मी दुसऱ्याच दिवशी काही ओव्या मोठ्याने म्हणून बघितल्या, आणि मास्तर म्हणतात ते खरं आहे.

त्यांच्या शेजारी बसतात त्या टीचर. फोंड्यातच शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, माहेर सासष्टीतलं. त्या दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ वाचताहेत, मूळ कोंकणीतून. गोव्यातली एक बाई कामासाठी कुवेतला जाते, तिची ती कादंबरी, हे तुला माहीत आहेच. टीचरची आईही तशीच गल्फात गेली होती. टीचर लहान होत्या. आई पत्रं लिहायची नाही, कॅसेट भरून पाठवायची. कॅसेटच्या एका बाजूला बोलणं, दुसऱ्या बाजूला नुसती खरखर, कारण तेवढं बोलून झाल्यावर आईला पुढे सुचायचं नाही, पण मशीन ती बंद करायची नाही. त्या खरखरीत मागे कुठेतरी भांडी वाजायची, ते ऐकत या मुली झोपायच्या. टीचर निम्म्या कादंबरीवर आल्यात आणि मुद्दाम हळू वाचताहेत. आमच्यातल्या ज्यांनी ती आधी वाचलीय त्यांना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “शेवट सांगूं नाकात.” कादंबरी चांगली की वाईट, यावर त्या अजून एक शब्द बोललेल्या नाहीत. तरी त्या जे सांगतात त्याहून मोलाचं मत त्या पुस्तकाबद्दल मी कुठे ऐकलेलं नाही.

टीचर कोंकणीत बोलतात, मास्तर मराठीत उत्तर देतात आणि कोणाचंही काही अडत नाही. आपल्या शाळेच्या दिवसांत मराठी की कोंकणी यावरून घराघरांत किती कडू बोलणं झालं, ते तू विसरला नसशील. १९८७च्या राजभाषा कायद्याच्या आसपास तर मित्रांनी मित्रांशी बोलणं टाकलं होतं. त्या वादात माझी बाजू होती, आजही आहे, आणि मराठीवरचं माझं प्रेम तुला नव्याने सांगायला नको. पण त्या माडीवर बसलं की जाणवतं, पुस्तक मध्यावर आलेली दोन माणसं समोरासमोर असली की भाषेचा प्रश्न मागे पडतो. दोघांनाही पुढचं पान हवं असतं.

आता तुझं बरोबर कुठे आहे तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील एकतर्फी वकिली चालवलीय. न वाचता बोलणारी माणसं मलाही खपत नाहीत. नाव ऐकून, वाद ऐकून, लेखकाची जात किंवा पक्ष बघून पुस्तकाला झोडपणारे सगळीकडे आहेत, आणि डोक्यावर घेणारेही तसेच. पण तो रोग वेगळा. चाळीस पानं वाचून ‘मी चाळीसवर आहे आणि मला असं वाटतंय’ म्हणणारा माणूस त्यांच्यातला नव्हे. तो आपली हद्द आधीच सांगून टाकतो. पान सांगण्यात हाच प्रामाणिकपणा आहे, आणि संपूर्ण वाचलंय म्हणून ठामपणे बोलणाऱ्या कित्येकांजवळ तो नसतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला सांभाळावी लागते. ‘पुढे वाच, मग कळेल’ असं कोणाला म्हणायचं नाही. कॉलेजातली एक मुलगी नेमाड्यांची ‘कोसला’ वाचत होती. वसतिगृह, मेस, पांडुरंगचं ते सतत उदाहरणार्थ-उदाहरणार्थ करत बोलणं, याचा तिला मनापासून कंटाळा आला होता आणि ती तसं सरळ म्हणाली. माझ्या तर अगदी ओठांवर आलं होतं की जरा थांब, पुढे त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं प्रकरण येऊ दे. पण तसं म्हणणं म्हणजे तिचा आजचा कंटाळा खोटा ठरवणं. १९६३ साली जे पुस्तक तरुणांना आपलं वाटलं ते आज एका तरुण मुलीला का आपलं वाटत नाही, हे ऐकून घेण्यासारखं होतं. ती म्हणाली, “यात मुली कुठे आहेत? सगळे मुलगेच एकमेकांना ऐकवताहेत.” तिने पुस्तक तिथेच सोडलं, परत केलं, दुसरं नेलं. कोणी अडवलं नाही. मला ‘कोसला’ आजही तितकीच प्रिय आहे, पण तिचा तो प्रश्न आता माझ्याही वाचनात येऊन बसलाय.

माझं म्हणशील तर मी सध्या दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ वाचतोय, आणि अशा रीतीने वाचतोय की ते वर्षभर संपणारच नाही. बारा महिन्यांचे बारा लेख. ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, असं चैत्रात ठरवलं. या पुस्तकावर ‘वाचून झाल्यावर’ मत कधी द्यायचं? फाल्गुनात? तोवर चैत्राचं मी काय सांगणार? आत्ता सांगू शकतो ते एवढंच, की श्रावणाचा लेख वाचत असताना खिडकीबाहेर नजर गेली की आधी जे नुसतं ‘हिरवं’ दिसायचं त्याचे तुकडे दिसायला लागलेत. कुळागरात पोफळींच्या खोडावरचं शेवाळ वेगळं, मिरीच्या वेलाचं पान वेगळं, बांधावर उगवलेला टायकिळा वेगळा. आणि मग वाटायला लागतं, गोव्याच्या बारा महिन्यांचं असं कोणी लिहायला हवं. भाद्रपदात माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या चौकटीसाठी, पोरं रानात शिरतात, कांगलां, कवंडळां, घागऱ्या शोधतात. कुठल्या झुडपाला काय कधी लागतं हे त्यांना तोंडपाठ असतं. ते ज्ञान अजून पोरांच्याच तोंडी आहे. तू लिहू शकशील. मी हे गंमत म्हणून म्हणत नाही.

गणपतीच्या चवथीला येतोयस ना? यंदा बैठक चवथीनंतरच्या रविवारी ठेवलीय, त्यामुळे तुला मिळेल. येताना दोन कामं कर. एक, जे काही वाचत असशील ते तसंच अर्धं घेऊन ये, गाडीत घाईघाईने संपवू नकोस. दुसरं असं की, वाचनालयातल्या भारतीय संस्कृतिकोशाच्या दहा खंडांपैकी चौथा खंड कोणीतरी नेला तो परत आलाच नाही. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोशींचं एवढं काम, आणि फोंड्यात ते अपुरं असावं हे मला फार लागतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून विचारून बघ. सुटा खंड मिळाला तर कितीही मागितले तरी घे, पैसे आम्ही वर्गणीतून देऊ. बांधणी खिळखिळी असली तरी चालेल, इथे बांधून घेता येईल. फक्त पानं सगळी आहेत ना ते दुकानातच उलटून बघ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काकूंचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझाच,
मित्र